घड्याळाखालचा तिळगूळ

आमच्या मंडळाचं संक्रांतीचं संमेलन दर जानेवारीत लंडनमध्ये व्हायचं. हॉल भाड्याचा, दरवर्षी वेगळा, आणि आज त्यातल्या एकाचाही चेहरा मला आठवत नाही. आठवतं ते सेंट पँक्रस स्टेशन. लेस्टर, नॉटिंगहॅम, डर्बी, शेफील्डची मंडळी तिथेच उतरायची, म्हणून सगळ्यांनी अकराला घड्याळाखाली जमायचं आणि मग मिळून हॉलवर जायचं, असा शिरस्ता होता. कुठली ना कुठली गाडी उशिरा यायचीच. त्यामुळे निम्मं संमेलन फलाटावरच पार पडायचं.

मी पहिल्यांदा गेले १९८८ साली. युस्टन रोडवरून वळले आणि थबकले. लाल विटांचे मनोरे, टोकदार कमानी, उतरती छपरं, आणि सगळ्यावर शंभर वर्षांची काजळी. खिडक्या अंधाऱ्या, दारं बंद. "अगंबाई, ही तर व्हीटी!" असं मी म्हटलं आणि सगळे खो खो हसले. प्रत्येक नवा माणूस हेच म्हणतो, हे मला नंतर कळलं. आणि त्याच वाक्याची वाट बघत आमचे डर्बीचे काका उभे असायचे.

काका इंजिनियर. तरुणपणी मुंबईत काळ्या घोड्याजवळ नोकरी केलेली. "ही व्हीटी नव्हे, व्हीटीची थोरली बहीण," इथून त्यांची गाडी सुटायची. हे स्टेशनाच्या दर्शनी भागातलं मिडलँड ग्रँड हॉटेल. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी काढलेलं, १८७३ साली उघडलं, १८७६ ला पुरं झालं. व्हीटीचं काम १८७८ मध्ये सुरू झालं, आणि त्याआधी तिचे वास्तुकार स्टीव्हन्स युरोपातली स्टेशनं हिंडून बघून आले होते. "आणि आपला राजाबाई टॉवर? तो तर खुद्द या स्कॉटसाहेबाचाच. साहेबाने मुंबई कधी पाहिली नाही, नुसते नकाशे पाठवले." एवढं झालं की लेस्टरच्या मावशी डबा उघडून मधे घालायच्या, "आधी तिळगूळ, मग इतिहास."

पण काका थांबतात कसले. तिळगूळ गालात धरून ते वर बोट दाखवायचे. फलाटांवरचं ते छप्पर बार्लो नावाच्या इंजिनियराचं, १८६८ सालचं, २४० फूट रुंद, आणि मधे खांब एकही नाही. कमानींचे पाय बाहेर फाकू नयेत म्हणून त्यांना फलाटाखालच्या लोखंडी तुळयांनी जखडलंय. या कामात बार्लोंच्या जोडीला ऑर्डिश म्हणून एक गृहस्थ होते. इथे काका आवाज खाली आणायचे. काळ्या घोड्याचं वॉटसन हॉटेल याच ऑर्डिशचं! बिडाचा सांगाडा विलायतेत ओतून बोटीने मुंबईला धाडला आणि तिथे जोडला. त्याच वॉटसनमध्ये १८९६ च्या ७ जुलैला मुंबईने पहिल्यांदा हलती चित्रं पाहिली. काका ज्या हॉटेलावरून रोज चालत ऑफिसला जायचे, त्याचा कर्ता त्यांना इथे भेटला होता. थंडीने आमचे पाय बधिर व्हायचे, पण हा भाग मला दरवर्षी ऐकावासा वाटायचा.

नॉटिंगहॅमच्या वहिनींचा अभिमान वेगळा. एक म्हणजे विटा त्यांच्या गावच्या. दुसरं म्हणजे घड्याळ. मूळचं मोठं घड्याळ सत्तरच्या दशकात एका अमेरिकन शौकिनाला अडीच लाख पौंडांना विकलं होतं, पण उतरवताना ते खाली पडून चक्काचूर झालं. एका रेल्वे गार्डने ते तुकडे २५ पौंडांना घेतले, नॉटिंगहॅमशायरमधल्या आपल्या गावी नेले आणि खपून कोठाराच्या भिंतीवर घड्याळ पुन्हा चालू केलं. "तुम्ही सगळे नकली घड्याळाखाली उभे आहात," असं वहिनी ऐटीत सांगायच्या.

हॉटेल बुडालं कशाने? आगीची धास्ती म्हणून मजले जाड काँक्रीटचे केले, आणि नेमकं तेच अंगाशी आलं. खोल्या ३००, न्हाणीघरं मोजकी. गरम पाणी आणि कोळसा नोकरांनी जिने चढून पोचवायचा. पुढे लोक खोलीला लागून न्हाणीघर मागू लागले तेव्हा त्या काँक्रीटमधून नळ न्यायचे कुठून? १९३५ साली हॉटेल बंद पडलं. मग रेल्वेच्या कचेऱ्या आल्या, ऐंशीच्या दशकात त्याही गेल्या. साठच्या दशकात तर स्टेशनासकट सगळं पाडायचं घाटत होतं. कवी जॉन बेट्जमन आणि जुन्या वास्तूंचे चाहते मधे पडले, आणि १९६७ मध्ये इमारतीला पहिल्या श्रेणीचं संरक्षण मिळालं.

नव्वदच्या दशकात एका वर्षी आम्ही काही जण आतून हॉटेल बघायला गेलो. दगडी जिना मधेच दोन्हीकडे फुटून वर चढतो. कचेरीच्या रंगाचे पोपडे उडाले होते आणि खालून जुनी सोनेरी नक्षी डोकावत होती. वर छतावर निळ्यात तारे. मावशींनी कठड्यावरून बोट फिरवलं, बोटावरची धूळ बघितली, म्हणाल्या, "दोन दिवस माझ्या हातात द्या, लख्ख करून दाखवते." आमच्या मुलींना मात्र एवढंच माहीत होतं, की १९९६ साली स्पाइस गर्ल्स याच जिन्यावर नाचून गेल्या.

२००७ साली पॅरिसला जाणारी युरोस्टार इथे आली. आमच्या लेस्टर-डर्बीच्या गाड्या त्याआधीच मागच्या नव्या फलाटांवर गेल्या होत्या. जुन्या घड्याळाच्या नमुन्यावरून नवं लागलं, पण त्याच्याखाली आता एक नऊ मीटर उंच जोडपं मिठी मारून उभं आहे. पहिल्या वर्षी मावशींनी त्याच्याकडे पाठ करून तिळगूळ वाटला. बेट्जमन यांचाही पुतळा आहे, हातात हॅट धरून छताकडे बघणारा. त्यांच्यापाशी जमावं असं मी सुचवलं होतं, पण कुणी मनावर घेतलं नाही. तळघरातले बीअरच्या पिंपांचे मोजमाप धरून उभे केलेले खांब आता दुकानांत उभे आहेत.

२०११ साली हॉटेल पुन्हा सुरू झालं आणि ५ मे ला त्याचं रीतसर उद्घाटन झालं. १८७३ साली ते पहिल्यांदा उघडलं त्याला बरोबर १३८ वर्षं झाली, त्याच तारखेला. पुढच्या संक्रांतीला आम्ही जुन्या तिकीटघरातल्या त्यांच्या बारमध्ये चहाला गेलो. चहाचा आकडा बघून काकांची बोलती पहिल्यांदाच बंद झाली.

काका आता प्रवास करत नाहीत. यंदा कुणाचा तरी भाचा नव्याने आला होता. तो बाहेरूनच ओरडला, "मावशी, व्हीटी!" आम्ही लगेच काकांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "ही व्हीटी नव्हे..." एवढं ऐकू आलं, तोवर मागच्या फलाटावरून धापा टाकत मावशी पोचल्या होत्या. त्यांनी फोन ओढून घेतला आणि डब्याचं झाकण उघडत म्हणाल्या, "आधी तिळगूळ."