मोंटानाहून विटनपर्यंत, १९ नंबरच्या मागे

१९ नंबरचा शर्ट घालणारा बल्गेरियन फुटबॉलपटू स्टिलियान पेट्रोव्ह याच्या मोंटाना या जन्मगावी निघाला असाल, तर सोफियाहून विदिनकडे जाणाऱ्या गाडीत बसण्याआधी एक काम करा. बॉयचिनोव्त्सी हे नाव सिरिलिक लिपीत कसं दिसतं ते कागदावर मोठ्या अक्षरांत उतरवून घ्या. मोंटानाला जायचं तर तिथे उतरून बर्कोवित्साच्या फाट्यावरची छोटी गाडी पकडावी लागते. ते स्टेशन चुकलं की गाडी तुम्हाला थेट डॅन्यूबच्या दिशेने घेऊन जाते, आणि उलट्या दिशेची गाडी लगेच मिळेल याची खात्री नाही. तिकीट मात्र सोफियातच मोंटानापर्यंतचं काढा.

दुसरी अडचण मानेची. बल्गेरियन माणूस "हो" म्हणताना मान आडवी हलवतो आणि "नाही" म्हणताना डोकं वर झटकतो. हे आधी वाचलेलं असलं तरी ऐन वेळी आपला मेंदू ऐकत नाही. त्यातून परदेशी माणूस दिसला की काही जण सवय बदलून आपल्यासारखी मान हलवतात, म्हणजे गोंधळ दुप्पट. उपाय एकच : मानेकडे बघूच नका, शब्द ऐका. "दा" म्हणजे हो, "ने" म्हणजे नाही. मी प्लॅटफॉर्मवर बोट दाखवून "मोंटाना?" एवढंच विचारलं आणि "दा" ऐकल्याशिवाय पाय उचलला नाही.

बसने हा प्रवास दोनेक तासांत होतो. तरी एकदा रेल्वेने जावं, कारण सोफिया सोडल्यावर रूळ इस्कर नदीच्या घळीत शिरतात आणि लाकात्निकचे चुनखडीचे कडे खिडकीला लागून उभे राहतात. नदी कधी या अंगाला, कधी त्या, त्यामुळे कुठल्या बाजूला बसावं हा प्रश्नच उरत नाही.

हा सगळा खटाटोप एका मिडफिल्डरसाठी, म्हणजे मैदानाच्या मध्यात खेळणाऱ्या खेळाडूसाठी. स्टिलियान पेट्रोव्ह, जन्म ५ जुलै १९७९. तो जन्मला तेव्हा गावाचं नाव मिहायलोव्हग्राद होतं, मोंटाना हे नाव १९९३ मध्ये आलं. ते अमेरिकेवरून घेतलं असावं असं वाटतं, पण मूळ रोमन आहे. इथे रोमनांची लष्करी वसाहत होती आणि तिच्या किल्ल्याचे अवशेष गावालगतच्या टेकडीवर आजही आहेत. खाली ओगोस्ता नदी, तिच्यावर गावाच्या डोक्याशी मोठं धरण, आणि नदीचंच नाव असलेलं फुटबॉलचं मैदान. मैदान साधं आहे. गाव बघायला अर्धा दिवस पुरतो. सकाळी बेकरीत बानित्सा घ्या : पातळ पापुद्र्यांच्या थरांत सिरेने नावाचं खारट पांढरं चीज आणि अंडं. ताटलीत येते तेव्हा वरचा थर हात लावताच चुरतो. थंड झाली की तीच चिवट होते, म्हणून "गाडीत खाऊ" असं म्हणू नका, दुकानासमोर उभं राहूनच संपवा.

गावातून हिंडताना एक तारीख सारखी डोक्यात होती. ५ जुलै १९९४. त्या दिवशी वर्ल्ड कपच्या बाद फेरीत बल्गेरियाने मेक्सिकोला पेनल्टींवर हरवलं. सामना न्यूयॉर्कजवळच्या मैदानावर, तिथल्या दुपारी; बल्गेरियात पेनल्ट्या लागल्या तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. पेट्रोव्हचा तो पंधरावा वाढदिवस. पाच दिवसांनी स्टॉइचकोव्ह आणि लेचकोव्ह यांच्या गोलांनी जर्मनी हरली आणि ऐंशी लाखांच्या आसपास वस्तीचा देश उपांत्य फेरीत गेला. त्या उन्हाळ्यात बल्गेरियात फुटबॉल खेळणाऱ्या प्रत्येक मुलाला काय वाटलं असेल ते मला सांगायला नको. वाईट एवढंच, की या मुलांच्या पिढीने राष्ट्रीय संघात पाऊल टाकेपर्यंत ते सोनेरी दिवस सरले होते. पेट्रोव्हने देशासाठी शंभरावर सामने खेळून गोलकीपर बोरिस्लाव्ह मिहायलोव्हचा १०२ सामन्यांचा विक्रम मोडला, पण त्याच्या वाट्याला एकही वर्ल्ड कप आला नाही. मोठी स्पर्धा एकच, युरो २००४, आणि तिथे तिन्ही सामने हरले. डेन्मार्कविरुद्ध त्याला लाल कार्डही दाखवलं गेलं.

सोफिया मी दोन ओळींत संपवतो. वासिल लेव्हस्की स्टेडियम या नावाचंच मेट्रो स्टेशन आहे. तिथे उतरून बोरिसोव्हा ग्रादिना या बागेत शिरलं की राष्ट्रीय मैदान आणि सीएसकेए या क्लबचं मैदान दोन्ही चालत होतात. पेट्रोव्ह सीएसकेएकडूनच पुढे आला. झाडी उत्तम आहे, बाकं भरपूर.

ग्लासगोला मात्र थांबायला हवं.

१९९९ च्या उन्हाळ्यात विशीतला हा मुलगा इथल्या सेल्टिक क्लबमध्ये आला. इंग्रजी जेमतेम. मॅनेजर जॉन बार्न्स त्याला अधूनमधून राइट बॅकला, म्हणजे बचावाच्या उजव्या बाजूला, खेळवत होता, ती त्याची जागाच नव्हती. फुटबॉलमध्ये भाषा न येण्याचा तोटा कुठे होतो? मागून "माणूस आला", "वळ", "सोड" असं ओरडतात ते कळत नाही. अर्ध्या सेकंदाचा उशीर होतो, चेंडू जातो, आणि प्रेक्षकांना वाटतं पोरगा मंद आहे. यावर पेट्रोव्हने काढलेला उपाय मला त्याच्या सगळ्या गोलांपेक्षा आवडतो. तो एका मित्राच्या बर्गरच्या गाडीवर काम करायला लागला. गिऱ्हाईक काय मागतंय ते ग्लासगोच्या उच्चारात ऐकायचं, समजून घ्यायचं, उत्तर द्यायचं. ज्यांनी ग्लासगोचं इंग्रजी ऐकलंय त्यांना कळेल की हा शिकवणीपेक्षा कठीण अभ्यास आहे. शहरातल्या खाण्याच्या गाड्यांसमोर उभं राहून मी ऑर्डरी ऐकत राहिलो. वाक्यातले निम्मे स्वर गिळलेले असतात, आणि ऐकणाऱ्याला दुसऱ्यांदा विचारायची सोय नसते, कारण मागे रांग असते. हे रोज ऐकून ज्याचे कान तयार झाले, त्याला मैदानावरच्या आरोळ्या अवघड गेल्या नसणार.

मैदानाकडे जाताना काळजी घ्यायची ती स्टेशनांची. ग्लासगोत सेंट्रल आणि क्वीन स्ट्रीट अशी दोन मोठी स्टेशनं आहेत, आणि दोन्हींच्या पोटात खालच्या पातळीवर वेगळे प्लॅटफॉर्म आहेत. सेंट्रलच्या खालच्या प्लॅटफॉर्मवरून डालमार्नॉक, क्वीन स्ट्रीटच्या खालच्या प्लॅटफॉर्मवरून बेलग्रोव्ह. वरच्या भव्य हॉलमधल्या बोर्डाकडे बघत उभं राहिलात तर गाडी पायाखालून निघून जाईल. डालमार्नॉकहून पंधरा-वीस मिनिटं चाललं की लंडन रोडवर सेल्टिक पार्क दिसतं. दारात ब्रदर वॉलफ्रिडचा पुतळा आहे. ईस्ट एंडच्या गरिबांना जेवण घालता यावं म्हणून १८८७ मध्ये ज्याने हा क्लब सुरू केला, तो हा धर्मबंधू.

आता तिकिटाबद्दल, कारण इथे लोक हमखास चुकतात. सगळ्यांना मैदानाच्या मधल्या रेषेवर, शक्य तितकं खाली, खेळाडूंजवळ बसायचं असतं. स्ट्रायकर बघायचा असेल तर ठीक. मिडफिल्डर समजून घ्यायचा असेल तर गोलच्या मागे, वरच्या मजल्यावर, कोपऱ्याकडे बसा. खालून सगळे एका रेषेत दिसतात आणि दोन माणसांमधलं अंतर कळतच नाही. वरच्या मजल्याचं छत ज्या रांगांवर येतं त्या मागच्या रांगा टाळा, उंच उडालेला चेंडू तिथून दिसेनासा होतो.

वरून बघितलं की पेट्रोव्हचं सेल्टिकमधलं काम लक्षात येतं. २००० मध्ये मार्टिन ओ'नील आला आणि त्याने ३-५-२ ची रचना लावली. मागे तीन बचावपटू, दोन्ही कडांना धावणारे विंगबॅक, मध्ये नील लेनन बसलेला, पॉल लॅम्बर्ट त्याच्या सोबतीला, आणि पुढे लार्सन-सटन ही जोडी. सटनने उंच चेंडू डोक्याने खाली पाडायचा आणि तो जिथे पडेल तिथे पेट्रोव्हने पोचायचं. यातली खुबी उशिरा पोचण्यात आहे. आधीच गोलसमोरच्या बॉक्समध्ये जाऊन उभं राहिलं तर बचावपटू पाठीला चिकटतो आणि चेंडू मिळतो तेव्हा तोंड गोलच्या उलट बाजूला असतं. मागून धावत आलं की तोंड गोलकडे, अंगात वेग, आणि बचावपटूंची नजर अजून चेंडूवर. धोकाही तिथेच : चेंडू हातचा गेला की मागे भगदाड. ते लेननने बुजवायचं. हे गणित जमलं म्हणून मिडफिल्डर असूनही पेट्रोव्हच्या नावावर सेल्टिकसाठी २२८ लीग सामन्यांत ५५ गोल आहेत. २७ ऑगस्ट २००० ला ग्लासगोच्याच रेंजर्सला ६-२ ने झोपवलं, त्यातला दुसरा गोल त्याचा, मोराव्चिकच्या कॉर्नरवर हेडर, आठव्याच मिनिटाला. मार्च २००१ मध्ये सेंट जॉन्स्टनविरुद्ध पाय मोडला, तरी त्याच मोसमात तो स्कॉटलंडचा सर्वोत्तम तरुण खेळाडू ठरला. हा मान मिळवणारा पहिला परदेशी. चार लीग, तीन स्कॉटिश कप, तीन लीग कप. आणि २१ मे २००३ ची सेव्हियातली ती यूएफा कपची फायनल, जादा वेळेत पोर्तोकडून ३-२. सेव्हियाला मी गेलो नाही. हरलेल्या सामन्याचं रिकामं मैदान बघायला एवढं लांब जाणं मला जड वाटलं.

ग्लासगो ते बर्मिंगहॅम थेट गाडीने साधारण चार तास. ऑगस्ट २००६ मध्ये ओ'नीलपाठोपाठ पेट्रोव्ह ६५ लाख पौंडांना बर्मिंगहॅमच्या ॲस्टन व्हिला क्लबात आला. इथली आकडेवारी बघा : १८५ लीग सामने, गोल फक्त ९. पहिल्या मोसमात लोक वैतागले होते, सेल्टिकचा तो गोल करणारा कुठे गेला म्हणून. तो मागे सरकला होता. गॅरेथ बॅरीच्या शेजारी, बचावफळीच्या पुढे. चेंडू येण्याआधी मान वळवून मागे कोण आहे ते बघायचं, शरीर अर्धं उघडं ठेवायचं म्हणजे एकाच स्पर्शात दुसऱ्या कडेला पास देता येतो, आणि ॲशली यंगला पळायला जागा करून द्यायची. हे कौशल्य टीव्हीवर दिसत नाही, कारण कॅमेरा चेंडूमागे असतो आणि मान वळते ती चेंडू यायच्या आधी. मी याबाबत आग्रही आहे : पेट्रोव्हची कारकीर्द लांबली ती या वीस मीटर मागे सरकण्यामुळे. ९ गोलांतला एक मात्र सगळ्यांना आठवतो. एप्रिल २००८, डर्बीचं मैदान, गोलकीपरने मारलेला चेंडू थेट याच्याकडे आला आणि याने अर्ध्या रेषेच्या थोडं पुढून तो हवेतच परत गोलमध्ये धाडला. पुढच्याच मोसमात चाहत्यांनी आणि सहकाऱ्यांनीही त्याला वर्षातला सर्वोत्तम खेळाडू निवडलं. २००९ मध्ये आधीचा कप्तान लाउर्सन निवृत्त झाल्यावर तो कप्तान झाला.

बर्मिंगहॅमच्या न्यू स्ट्रीट स्टेशनहून व्हिला पार्क या क्लबच्या मैदानाला जायला दोन स्टेशनं. विटन मैदानाला लागून, पण तिथे कमी गाड्या थांबतात. ॲस्टनला गाड्या जास्त, चालणंही जास्त. जाताना विटनला उतरा आणि सामना संपल्यावर ॲस्टनकडे चालत जा, कारण विटनच्या अरुंद तोंडाशी रांग लागते आणि ती हलत नाही. ट्रिनिटी रोडच्या बाजूला विल्यम मॅकग्रेगरचा पुतळा आहे. १८८८ मध्ये फुटबॉल लीगची कल्पना मांडून ती उभी करणारा हा स्कॉटिश माणूस. मी जागा घेतली होती हॉल्ट एंड या गोलमागच्या स्टँडच्या वरच्या भागात.

आणि मला तिथे बघायचं होतं ते एक मिनिट.

२४ मार्च २०१२ ला व्हिला आर्सेनलकडून ३-० हरली. पेट्रोव्ह खेळला. सामन्यानंतर ताप आला, रक्त तपासलं, आणि ३० मार्चला क्लबने सांगितलं की कप्तानाला तीव्र ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झाला आहे. बत्तीस वर्षांचा माणूस, आठवड्यापूर्वी प्रीमियर लीगचा सामना खेळलेला. दुसऱ्याच दिवशी घरच्या मैदानावर चेल्सी. त्या सामन्यात १९ व्या मिनिटाला, त्याच्या शर्टाच्या नंबरवरून, सगळं मैदान उभं राहिलं आणि मिनिटभर टाळ्या वाजवत राहिलं. व्हिला ४-२ हरली. पण टाळ्या पुढच्या सामन्यात वाजल्या, त्याच्या पुढच्याही, घरी आणि बाहेर, पुढचा पूर्ण मोसम. आपला संघ मागे पडलेला असला, समोर कॉर्नर चालू असला, तरीही. मे २०१३ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली.

मिनिटभर टाळ्या वाजवणं किती कठीण आहे ते एकदा घड्याळ लावून करून पाहा. वीसेक सेकंदांत तळवे गरम होतात, चाळिसाव्या सेकंदाला हात आपोआप मंदावतात. हे लोक वर्षभर, पावसात, थंडीत, हातमोजे काढून करत होते.

मी गेलो तेव्हा ही प्रथा संपून बरीच वर्षं झाली होती. नियमाने १९ वं मिनिट म्हणजे घड्याळ १८:०० ते १९:००, पण बोर्डावर १९ दिसल्यावरच लोक उठत असतील असा विचार करून मी १८ ते २० अशी दोन मिनिटं राखून ठेवली. १८:२० ला डाव्या कडेला थ्रो-इन. १८:४० ला लांब पास, बाहेर. १९:०० ला कोणी उठलं नाही. माझ्या शेजारी पन्नाशीचे एक गृहस्थ बसले होते, हातात चहाचा कागदी कप. त्यांनी बोर्डाकडे पाहिलं, कप दोन पावलांच्या मध्ये खाली ठेवला, आणि मांडीवर, आवाज होणार नाही इतक्या हळू, तीन-चारदा टाळी दिली. मग कप उचलला. माझ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. मी काही विचारलं नाही.

सामन्यानंतर ॲस्टन स्टेशनकडे निघालो. उजेड होता तोवर टेकडीवरचा ॲस्टन हॉल, सतराव्या शतकातला विटांचा वाडा, झाडांमधून दिसत होता. पेट्रोव्ह बरा झाला. बर्मिंगहॅमच्या रविवारच्या हौशी लीगमध्ये वायचॉल वाँडरर्सच्या ३५ वर्षांवरच्यांच्या संघातून खेळला. २०१६ च्या उन्हाळ्यात, सदतिसाव्या वर्षी, व्हिला दुसऱ्या श्रेणीत घसरलेली असताना, पुन्हा क्लबच्या सरावाला जाऊन उभा राहिला. करार मिळाला नाही. तेव्हा शेवटचा ल्युकेमियाचा उपचार घेऊन त्याला फार वर्षं झाली नव्हती, आणि तो पहिल्या संघाबरोबर पूर्ण सराव करत होता.

ॲस्टनचा प्लॅटफॉर्म उंचावर आहे, वारा लागतो. न्यू स्ट्रीटची गाडी सहा मिनिटांत आली.