चैत्रातला दुसरा शुक्रवार

हरभरे भिजत घालण्याचे काम मुलांचे असे. चैत्रातल्या दुसऱ्या शुक्रवारी आमच्या महिला मंडळाचे हळदीकुंकू आणि बालवाडीचा मेळावा एकत्र होई, आणि आदल्या दिवशी सकाळी प्रत्येक मूल घरून मूठभर हरभरे घेऊन येई. कुणी खिशातून, कुणी फडक्यात बांधून, तर कुणी मुठीत इतके घट्ट धरून की मूठ उघडल्यावरही दोन-चार दाणे तळहाताला चिकटून राहत. ते सगळे पितळेच्या मोठ्या पातेल्यात पडत आणि मग एकेकाने पेलाभर पाणी ओतायचे, असा क्रम ठरलेला होता. शुक्रवारी सकाळी झाकण काढताना मुलांची डोकी एकमेकांवर आदळत, कारण काल तळाशी असलेले हरभरे रात्रीतून निम्म्या पातेल्यापर्यंत चढलेले असत. एका वर्षी चार वर्षांची एक मुलगी पातेल्यात कोपरापर्यंत हात घालून आपण आणलेले हरभरे कोणते, ते शोधत बसली. मी तिला थांबवले नाही. बऱ्याच वेळाने तिला तीन दाणे ओळखू आले, आणि ते तिने फ्रॉकच्या खिशात वेगळे ठेवले.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वर तालुक्यातील एका खेड्यात १९८४ पासून २०१२ पर्यंत मी बालवाडी चालवली. मंडळाच्या एका काकूंच्या घराची लांब पडवी, पुढे सारवलेले खळे, खळ्याच्या कडेला जांभ्या दगडाचा गडगा आणि गडग्यापलीकडे पऱ्याकडे, म्हणजे ओढ्याकडे, उतरणारी पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, एवढा आमचा पसारा होता. गावाच्या चार वाड्या होत्या आणि त्या एकमेकींपासून दूर होत्या, त्यामुळे लहान मुलांना आजी किंवा थोरली बहीण आणून सोडत असे. फाल्गुनात शिमग्याची पालखी घरोघर फिरून देवळात परतली, मुंबईचे चाकरमानी परत गेले आणि पाडव्याच्या गुढ्या उतरल्या, की मेळाव्याचे वेध लागत.

हा मेळावा पहिल्यापासून असा नव्हता. माझ्या पहिल्या दोन वर्षांत आम्ही त्याला रीतसर स्नेहसंमेलनाचे रूप दिले होते. तालुक्याहून लाउडस्पीकर आणला होता, फळ्या टाकून रंगमंच उभा केला होता, आणि महिनाभर मुलांकडून कॅसेटवरच्या गाण्यांवर नाच बसवून घेतले होते. दुसऱ्या वर्षी पावणेचार वर्षांच्या एका मुलाला आम्ही मोराचा पिसारा बांधून पुढे उभे केले. लाउडस्पीकर खरखरला आणि तो मुलगा जागच्या जागी थिजला. तो रडलाही नाही, नुसता उभा राहिला, आणि समोर बसलेली त्याची आजी उठून, लोकांमधून वाट काढत, रंगमंचावर चढून त्याला कडेवर घेऊन गेली. जाताना ती मला फक्त एवढेच म्हणाली, "बाई, ह्यो घरी रोज नाचतो." ते वाक्य माझ्या मनातून कधीच गेले नाही. जो मुलगा घरी रोज नाचतो, त्याला आम्ही नाचता येईनासे केले होते, आणि तेही त्याच्याच माणसांसमोर.

प्रशिक्षणाच्या वेळी आम्हाला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामाविषयी शिकवले गेले होते. १९४५ साली ताराबाईंनी आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली, आणि तिथूनच अंगणवाडी हा शब्द रूढ झाला. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि अनुताईंनी ते तिथे अनेक वर्षे वाढवले. पाने, बिया, शंखशिंपले, खडे ही तिथली शिकवण्याची साधने होती. परीक्षेसाठी मी हे सगळे पाठ केले होते, पण त्याचा अर्थ मला त्या आजीच्या वाक्यानंतर लागला. मुले ज्या अंगणात रोज वावरतात तेच आईबापांना दाखवायचे, त्यासाठी वेगळा रंगमंच उभारायचा नाही, असा विचार मी मंडळाच्या बैठकीत मांडला. दोघी-तिघींना तो पटला नाही. वर्षातून एकदा तरी मुलांना नटवावे, ही त्यांची हौस खोटी नव्हती. शेवटी मंडळाच्या अध्यक्ष काकूंनी तोडगा काढला, की चैत्रगौरीचे हळदीकुंकू आपण नाहीतरी करतोच, त्या दिवशी बालवाडी नेहमीसारखी भरू दे आणि बायकांनी यावे, बसावे, बघावे. याच काकूंच्या आग्रहामुळे आमच्या हळदीकुंकवाला चारही वाड्यांतल्या सगळ्या बायकांना बोलावणे जाई, आणि विधवा बायकांनाही त्याच पाटावर बसवून हळदकुंकू लावले जाई. त्या काळी गावात ही गोष्ट सहज झाली नव्हती, हे मला इथे नोंदवून ठेवलेच पाहिजे.

नेहमीसारखी म्हणजे कशी, हे सांगायचे तर चैत्रातली आमची सकाळ सांगावी लागेल. उन्हाळ्यात शाळा सकाळची असे. मुले आठच्या सुमारास येत आणि ऊन तापायच्या आत आम्ही पाखाडीने पऱ्यापर्यंत उतरून परत येत असू. पऱ्याचे पाणी एव्हाना आटलेले असे. एका कोंडीत तेवढे हिरवट पाणी उरलेले असे आणि त्यात बेडकाची पिल्ले आहेत का, हे रोज पाहावे लागे. वाटेत कुसुंबाला तांबडी पालवी फुटलेली असे, आणि ही पाने तांबडी असून सुकलेली कशी नाहीत, हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी नव्याने विचारी. तांबट पक्ष्याचे टुकटुक ऐकू येई, पण पक्षी दिसत नसे, त्यामुळे मुलांच्या मते तो भांडी घडवणारा कुणी माणूसच होता. शेतांमध्ये दाढ, म्हणजे भाताची रोपे करायची जागा, भाजण्याचे काम चाललेले असे. कवळ, म्हणजे तोडलेल्या फांद्या, आणि पालापाचोळा पसरून पेटवलेल्या दाढीचा निळसर धूर खळ्यापर्यंत येई आणि आपल्या आजोबांचा धूर कोणता, ते मुले हात करून सांगत. काजूची बोंडे तर सगळ्यांच्या हातात असत. त्या रसाचे डाग कपड्यांवरून जात नाहीत, म्हणून आयांची तक्रार असे, आणि ओल्या बीच्या सालीतले तेल लागून ओठ पोळल्याचे निदान एक तरी प्रकरण दर चैत्रात होई. मी बोंडे खाऊ देत असे आणि बिया एका डब्यात जमा करून घेत असे. त्या बिया मोजणे, लहानमोठ्या लावणे, दहा-दहांचे ढीग करणे, हेच आमचे गणित होते.

सावरीची बोंडेही याच दिवसांत फुटत. गडग्यापलीकडे एक जुनी काटेसावर होती, आणि वारा सुटला की तिचा कापूस खळ्यावर उतरे. मुले त्यामागे "म्हातारी, म्हातारी" म्हणत धावत. १९८२ साली मुंबईत गिरण्यांचा संप झाला, तो मिटला नाही, आणि आमच्या गावातले पुष्कळ पुरुष त्या काळात घरी परतले. एरवी शिमग्याला आणि गणपतीला आठ दिवस दिसणारे बाप त्या वर्षांत बारा महिने गावात होते, आणि त्यांच्यातले बरेचसे घुम्यासारखे ओटीवर बसून असत. त्यांच्यापैकी एक जण आपल्या मुलाला सोडायला आले असताना हा खेळ बघत उभे राहिले. मग त्यांनी उडत आलेला एक पुंजका धरला, बी काढून टाकले आणि अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये तो कापूस हळूहळू पिळू लागले. वीस वर्षे गिरणीत सूत काढणाऱ्या खात्यात काढलेली ती बोटे होती. मुले भोवती जमली. त्यांनी दोन-तीनदा करून पाहिले. धागा जुळल्यासारखा वाटे आणि सुटून जाई. तेव्हा ते मुलांसमोर उकिडवे बसून म्हणाले, "ह्याचं सूत व्हत नाय. ह्यो कापूस गुळगुळीत हाय, एकमेकाला धरून राहत नाय. कपाशीचा धरतो." नंतर त्यांनी घरून कपाशीच्या कापसाचा बोळा आणला आणि तो पिळून वीतभर दोरा काढून दाखवला. प्रत्येक मुलाने तो ओढून पाहिला. सावरीच्या कापसाचे काय करायचे, असे मुलांनी विचारले, तर त्यांनी उशी करायची असे सांगितले. पुढचे आठ दिवस मुले बाहुलीच्या उशीसाठी कापूस गोळा करत होती.

त्या वर्षीच्या मेळाव्याला हे गृहस्थ आले, आणि त्यांच्याबरोबर आणखी सहा-सात पुरुष आले. बायकांच्या हळदीकुंकवात पुरुषांचे काय काम, असा प्रश्न कुणी काढला नाही, कारण त्यांनी येतानाच बांबू आणि माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप आणले होते आणि पहाटे येऊन खळ्यावर मांडव घालून दिला होता. तेव्हापासून झापांचा मांडव हे पुरुषांचे काम ठरून गेले.

मांडवाखाली एका बाजूला लहानशा पाळण्यात गौर बसवलेली असे. समोर शिरगोळ्याच्या रांगोळीने चैत्रांगण काढले जाई: तुळशीवृंदावन, सूर्यचंद्र, शंख, चक्र, गोपद्मे, कासव, नाग, हत्ती, मोर, आंबा, पाळणा. मंडळातल्या दोन आजी ते अर्धा तास वाकून काढत आणि त्यांचा हात इतका बसलेला होता की एकही रेघ पुसावी लागत नसे. चैत्रांगणाच्या भोवती हातभर रुंदीची जागा मात्र मुलांसाठी मोकळी सोडलेली असे. तिथे मुलांनी आपल्या घरातले जे हवे ते काढावे. कुणी म्हैस काढी, कुणी विहीर, कुणी नुसता एक मोठा गोल काढून ती आई आहे असे सांगे. एका मुलाने एसटी काढली आणि तिच्यात तीन खिडक्या काढून मधल्या खिडकीत एक ठिपका ठेवला. तो ठिपका म्हणजे मुंबईहून येणारे बाबा होते. रांगोळी काढणाऱ्या आजींपैकी एकीने ते ऐकले आणि काही न बोलता त्या एसटीच्या दोन्ही बाजूंना, देवाच्या चिन्हांशेजारी काढतात तशी, दोन छोटी गोपद्मे काढली.

मग बालवाडी भरे. मुले बिया लावत, पाने जुळवत, भांडीकुंडी खेळत, भांडत, आणि आया भिंतीला टेकून बघत बसत. पहिल्या वर्षी त्यांना हे अवघड गेले, कारण आपले मूल कधी पुढे येते याची त्या वाट पाहत होत्या. पण हळूहळू त्यांना बघण्याची गोडी लागली. सकाळी लाकडे, दुपारी काजू, संध्याकाळी पाणी अशा रगाड्यात आपल्याच मुलाकडे तासभर नुसते बघत बसायला त्यांना वर्षात दुसरी सवड नव्हती. "ही घरी मुकी असते, इथे किती बोलते," असे एक आई शेजारणीला सांगत होती, आणि तिचा आवाज दाटून आला होता.

खाण्याचा बेत ठरलेला असे. भिजवून भरड वाटलेली हरभऱ्याची डाळ, तीत किसलेली कैरी, ओले खोबरे, आणि वरून हिंग-मोहरीची फोडणी. लहानांसाठी एक वाटा मिरचीविना वेगळा काढलेला असे. उकडलेल्या कैरीचा गर मुलेच कोळत. गूळ किती घालायचा यावर दरवर्षी वाद होई आणि पन्हे प्रत्येक वर्षी थोडे जास्तच गोड होई. माझ्या मते कैरीची डाळ कापलेल्या कैरीपेक्षा किसलेल्या कैरीचीच चांगली लागते. मंडळात याबाबत शेवटपर्यंत दोन तट होते.

मी रुजू झाले तेव्हा पटावर चौतीस मुले होती, आणि निवृत्तीच्या वर्षी अकरा. तरुण जोडपी विरार-दिव्याकडे गेली आणि मुले त्यांच्याबरोबर गेली. मंडळाची बालवाडी माझ्यानंतर बंद झाली, आणि आता गावात सरकारी अंगणवाडी आहे. तिथल्या सेविकाताई याच गावच्या सूनबाई आहेत. त्यांनी पहिल्याच चैत्रात मंडळाकडून ते पितळेचे पातेले मागून नेले, आणि दुसरा शुक्रवार चुकवलेला नाही. यंदा त्यांनी मला बोलावले होते. सात मुले होती. कुसुंबाला पालवी होती, पण सावर आता राहिलेली नाही. रस्ता रुंद करताना ती तोडली गेली. कापसाचा विषय निघाला नाही, पण मुलांनी काढलेल्या रांगोळीत एक मोबाइल होता आणि त्याच्या चौकोनात दोन डोळे होते. ही माझी आई, असे त्या मुलाने मला सांगितले. ती ठाण्याला असते आणि रोज रात्री त्याच्याशी बोलते.

अकराच्या सुमारास ऊन चढले आणि ओट्या भरायला सुरुवात झाली. मुलींच्या परकरांत आणि मुलांच्या सदऱ्यांच्या सोग्यात ओंजळ ओंजळ ओले हरभरे पडले, कपड्यांतून पाणी ठिबकू लागले, आणि ती सातही मुले दोन्ही हातांनी ओटी सावरत, पुढे पोट काढून, पाखाडी उतरू लागली. प्रत्येक पायरीवर दोन-चार दाणे सांडत होते. आजी मागून जपून चला म्हणून सांगत होत्या, आणि आजींच्याही मागून, काकूंच्या परड्यातल्या कोंबड्या एकेक पायरी उतरत दाणे टिपत चालल्या होत्या.