पांडाज कोअरमधून बाहेर काढताना

आमचं प्रॉडक्ट मुंबईतल्या हाउसिंग सोसायट्यांची मेंटेनन्स बिलं काढतं. फ्लॅट भाड्याने दिला असेल तर नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस सर्व्हिस चार्जेसच्या 10 टक्क्यांवर जाता कामा नयेत, असले नियम कोअर लायब्ररीत, म्हणजे प्रॉडक्टच्या गाभ्याच्या पायथन कोडमध्ये, आहेत. निव्वळ आकडेमोड. पण ती इन्स्टॉल केली की तक्त्यांतल्या डेटासाठी पांडाज, एक्सेल फाइलींसाठी ओपनपायएक्सएल, पीडीएफसाठी वीझीप्रिंट असा सगळा गोतावळा सोबत यायचा. वीझीप्रिंटला शिवाय पँगो ही मजकूर मांडणारी सिस्टिम लायब्ररी लागते आणि विंडोजवर ती वेगळी बसवावी लागते. सोसायटीच्या ऑफिसातला जुना पीसी, सेक्रेटरी काकांना फक्त थकबाकी बघायचीय, आणि पँगो नाही म्हणून प्रोग्राम उघडतच नाही!

हे निस्तरायचं काम माझ्याकडे आलं. पायथनच्या इम्पोर्टटाइम पर्यायाने (3.7 पासून आहे) कोण कोणाला ओढून आणतंय ते पाहिलं. कोअरची इनिट फाइलच (पॅकेज इम्पोर्ट केलं की आधी चालते ती) एक्स्पोर्टची सगळी मॉड्यूल्स इम्पोर्ट करत होती. ती काढली, पीडीएफचे इम्पोर्ट फंक्शनच्या आत नेले, पायप्रोजेक्ट फाइलमध्ये 'पीडीएफ' आणि 'एक्सेल' असे दोन एक्स्ट्रा, म्हणजे हवे असतील तरच इन्स्टॉल करायचे गट, लिहिले. हा भाग सोपा.

खरी गाठ पांडाजची. कोअरमध्ये त्याचं काम एवढंच, की फ्लॅटनिहाय थकबाकीची बेरीज. ती साध्या डिक्शनरीने आणि दशांश अचूक ठेवणाऱ्या डेसिमलने झाली. पैसे फ्लोटमध्ये (यात दशांश अंदाजे साठतात) ठेवायचे का, हा टीममधला जुना वादही त्यात मिटला. पण थकबाकीचं फंक्शन डेटाफ्रेम, म्हणजे पांडाजचा तक्ता, परत करत होतं आणि रिपोर्टवाल्यांचा सगळा कोड त्यावर उभा. इम्पोर्टची ओळ पुसून काय होणार? फंक्शनमधून डेटाफ्रेम बाहेर पडतोय तोवर पांडाज ऐच्छिक नाहीच.

"अगं, पण जुन्या ग्राहकांच्या स्क्रिप्ट मोडतील ना?" टेस्टिंगच्या मैत्रिणीने विचारलं. प्रश्न रास्त होता. मग कोअरचं नवं फंक्शन डेटाक्लासची (पायथनमधल्या साध्या नोंदींची) यादी देतं, तिचा डेटाफ्रेम करणारं रूपांतर एक्सेलच्या मॉड्यूलमध्ये, आणि जुनं नाव एका रिलीजपुरतं डेप्रिकेशनच्या, म्हणजे 'हे पुढे जाणार आहे' अशा, इशाऱ्यासह तिथेच.

वीझीप्रिंटने आणखी एक खोडी काढली. पायथनच्या पिप इन्स्टॉलरने पॅकेज येतं, पण पँगो नसेल तर इम्पोर्ट करताना इम्पोर्टएरर नाही, ओएसएरर येतो. त्यामुळे फक्त इम्पोर्टएरर पकडणारा नेहमीचा ट्राय-एक्सेप्ट तिथे कामाचा नाही, आणि सरसकट सगळं पकडलं तर आपल्याच कोडमधले बग गिळले जातात. आम्ही दोन्ही वेगळे पकडतो, निरोपही वेगळे: एकात कोणता एक्स्ट्रा इन्स्टॉल करायचा ते, दुसऱ्यात पँगो बसवा म्हणून. पांडाजची स्वतःची रीत अशीच आहे. ओपनपायएक्सएल नसेल तर एक्सेल फाइल वाचायला गेल्यावरच ते सांगतं.

सीआयमध्ये (कोड बदलला की आपोआप टेस्ट चालवणारी व्यवस्था) आता एक जॉब एकही एक्स्ट्रा न घेता कोअरच्या टेस्ट चालवतो. पुढच्याच आठवड्यात त्याने एकाला अडवलं, टाइप अ‍ॅनोटेशनसाठी फाइलच्या डोक्यावर पांडाज इम्पोर्ट केलं होतं. ते टाइपचेकिंगच्या अटीखाली गेलं, म्हणजे प्रोग्राम चालताना ते इम्पोर्ट होतच नाही.

लीडला एंट्री पॉइंट (वेगळ्या पॅकेजने स्वतःची नोंद करायची पायथनची सोय) वापरून पूर्ण प्लगइनची रचना हवी होती. दोन फॉरमॅटसाठी? मी नको म्हटलं. काही सोसायट्या टॅलीचा एक्स्पोर्ट मागतायत, तो आला की पुन्हा बसू.