स्वस्त डेस्कटॉप आणि हातातलं स्टॉपवॉच: आमची वाटचाल

विंडोज ७ च्या काळात आम्ही डेस्कटॉप जुळवून द्यायला लागलो. गिऱ्हाइकं म्हणजे लहान ऑफिसं, क्लासवाले, हिशेबनीस. प्रोसेसर कोणता, रॅम किती आणि हार्ड डिस्क किती जीबीची, एवढ्यावर सौदा ठरायचा. डिस्कचा वेग कुणी विचारत नसे.

दुरुस्तीचं काम जोडीला होतंच आणि खरं शिक्षण तिथेच झालं. ‘पीसी फार हँग होतो’ म्हणून आलेल्या मशीनवर विंडोज १० चा टास्क मॅनेजर उघडला, की प्रोसेसर निवांत आणि डिस्क १०० टक्क्यांवर. ७२०० आरपीएमच्या (मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या) डिस्कवर हवी ती जागा फिरून हेडखाली, म्हणजे वाचणाऱ्या सुईखाली, यायलाच सरासरी ४ मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ जातो. हेड सरकायचा वेळ वेगळा. एसएसडी म्हणजे फिरणारे भाग नसलेली, चिपवर माहिती ठेवणारी डिस्क. त्यातल्या साध्या, साटा जोडणीच्या एसएसडीलाही हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात जमतं. विंडोज सुरू होताना हजारो बारीकसारीक फाइली वाचल्या जातात, तिथे प्रोसेसर बिचारा काय करणार?

मग बेंचमार्कचे, म्हणजे वेग मोजणाऱ्या तयार प्रोग्रॅमचे, स्कोअर बाजूला ठेवून आम्ही आमची स्वतःची चाचणी बसवली. बटण दाबल्यापासून ब्राउझर खरोखर वापरता येईपर्यंतचा वेळ, सूत्रांनी गच्च भरलेली एक्सेल फाइल, व्हिडिओ कॉल चालू असताना पीडीएफची छपाई. अँटिव्हायरस चालू आणि डिस्क बरीचशी भरलेली. नव्या कोऱ्या, रिकाम्या मशीनवरची चाचणी आमच्या मते जाहिरातच असते.

निकाल पाहून आमची कोटेशनं बदलली. २०१५ चा कोअर आय५-६५००, म्हणजे इंटेलच्या सहाव्या पिढीचा प्रोसेसर, त्याला एसएसडी जोडलेली, आणि समोर हार्ड डिस्कवर चालणारं कितीतरी नवं मशीन. सुरू होण्यात आणि प्रोग्रॅम उघडण्यात जुनंच पुढे. उलट साटाच्या जागी एनव्हीएमई, म्हणजे जास्त वेगवान जोडणीची एसएसडी, लावल्यावर कागदावरचा वेग ५५० एमबी प्रति सेकंदावरून ३५०० वर जातो, पण ऑफिसच्या कामात बहुतेकांना फरक कळतही नाही. ते पैसे रॅममध्ये घाला, असं आम्ही सरळ सांगतो. रॅमचीही एक गंमत आहे. डीडीआर४-३२०० ची एकच स्टिक २५.६ जीबी प्रति सेकंद देते, दोन लावल्या की ५१.२. पत्रं टाइप करणाऱ्याला त्याचं सोयरसुतक नाही. पण एएमडीचा रायझन ५ ५६००जी प्रोसेसर घेऊन त्याच्या अंगच्या ग्राफिक्सवर गेम खेळणाऱ्याने एका स्टिकवर भागवणं म्हणजे निम्मं मशीन खोक्यातच ठेवणं.

जुनी मशीनं एसएसडी टाकून विकणं हा मधली काही वर्षं आमचा हक्काचा धंदा होता. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलची सहावी पिढी नाही. आडवाटेने ते बसवून देणारे आहेत. ऑफिसच्या मशीनवर आम्ही तसं करत नाही. त्यामुळे आता जुन्यात आठव्या पिढीच्या खाली उतरत नाही. सहा कोअरचा आय५-८५०० अजून झकास चालतो.

नव्यात सगळ्यात जास्त विचारणा इंटेल एन१०० प्रोसेसरच्या छोट्या डब्यांची. चार कोअर, ६ वॉटचा टीडीपी (उष्णतेचा ठरवून दिलेला आकडा), बिलिंग काउंटरला पुरून उरतो. पण मोठ्या एक्सेल फाइलवर तो आणि आय३-१२१०० शेजारी ठेवले, की चार कोअर दोघांनाही असून अंतर लपत नाही, कारण एन१०० चे कोअर सगळे काटकसरी जातीचे. शिवाय असले डबे पहिला मिनिटभर छान पळतात आणि कूलिंग बेताचं असेल तर मग दम टाकतात. म्हणून असा डबा आम्ही अर्धा तास सलग राबवल्याशिवाय पास करत नाही.

स्वस्त क्यूएलसी एसएसडीचंही तसंच; यात चिपच्या एकेका कप्प्यात चार बिट कोंबलेले असतात, टीएलसीत तीन. कॅशे, म्हणजे आतली छोटी वेगवान जागा, भरेपर्यंत लिहिण्याचा वेग फर्मास, भरली की काही मॉडेलं हार्ड डिस्कच्याही खाली घसरतात. रोज मोठा बॅकअप घेणाऱ्याला आम्ही टीएलसीच देतो. आणि रॅम बोर्डवर सोल्डर केलेली, म्हणजे नंतर बदलता न येणारी असेल, तर १६ जीबीच्या खालचं मशीन गिऱ्हाइकाने हट्ट धरला तरी आमच्या कोटेशनवर येत नाही.