पांढरा चौकोन

मीटिंग ११ ची होती आणि माझा हीटमॅप (आकड्यांऐवजी रंगीत चौकोनांचा तक्ता) साडेदहालाच तयार. २० चलं, म्हणजे मोजलेल्या २० गोष्टी, म्हणजे १९० जोड्या; प्रत्येक जोडीचा एक चौकोन. धन सहसंबंध (एक वाढलं की दुसरंही वाढतं) निळा, ऋण (एक वाढलं की दुसरं घटतं) लाल, रंग जितका गडद तितका संबंध घट्ट. पी-व्हॅल्यू (खरा संबंध नसतानाही निव्वळ योगायोगाने इतका जोर दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या वर गेली, म्हणजे संबंध सार्थक ठरला नाही, की त्या चौकोनाचा रंगच काढून टाकलेला. संबंधाचा जोर आणि सार्थकता, दोन्ही एकाच चित्रात. स्वारी खुशीत होती.

मॅडमनी एका पांढऱ्या चौकोनावर बोट ठेवलं. "म्हणजे या दोघांचा काही संबंधच नाही?"

"नाही," मी बोलून गेलो. मग आकडा उघडून पाहिला आणि जीभ चावली. आर, म्हणजे संबंधाचा जोर (−१ ते १), होता ०.६५! आणि चार घरं पलीकडे, फिकट निळ्या चौकोनात, ०.१२ महाशय सार्थकतेचा तारा लावून ऐटीत बसलेले.

माझ्या रंगपट्टीत पांढरा म्हणजे शून्य. सार्थक न ठरलेल्या जोड्याही मी पांढऱ्याच केल्या होत्या. बघणाऱ्याने यातला फरक ओळखायचा कसा? (ही चूक मी गेली कित्येक वर्षं करत आलोय, हे तिथे बोललो नाही.)

जेवणाच्या सुट्टीत दुसरं चित्र काढलं. आडव्या अक्षावर आर, उभ्यावर पी-व्हॅल्यूचा ऋण लॉग (पी जितका लहान, तितका ठिपका वर). ठिपक्यांचा ढग दिसेल अशी अपेक्षा होती. दिसला तो कोरून काढल्यासारखा 'व्ही'. कोड गंडलाय म्हणून अर्धा तास एकेक ओळ तपासली. गंडलं काहीच नव्हतं. नोंदींची संख्या तीच असली की नेहमीच्या टी-चाचणीत (सार्थकता तपासायची पद्धत) पी आरवरूनच ठरतो. दोन अक्ष घेऊन मी एकच गोष्ट दोनदा काढली होती.

पण १९ ठिपके त्या रेषेवर नव्हते. त्यांचा खाली वेगळाच, पसरट 'व्ही' झाला होता. सगळे एकाच स्तंभाचे: ४०० पैकी जेमतेम ८ ओळींत भरलेला! प्रोग्रॅम प्रत्येक जोडीपुरत्या रिकाम्या ओळी गुपचूप गाळत होता. म्हणून ०.६५ ला पी ०.०८, आणि ४०० नोंदींच्या जिवावर ०.१२ ला ०.०१६. ९५ टक्के विश्वासांतर (खरा आर ज्यात असू शकेल तो पट्टा) काढलं, तर पहिल्याचं −०.१० ते ०.९३, दुसऱ्याचं ०.०२ ते ०.२२.

१९० जोड्या तपासल्या की कशाचाच कशाशी संबंध नसला तरी नऊ-दहा तारे आपसूक मिळतात. बॉनफेरोनी दुरुस्तीने (०.०५ ला जोड्यांच्या संख्येने भागायचं) मर्यादा ०.०००२६ वर आली आणि ०.१२ चा तारा गळाला.

संध्याकाळी नवा हीटमॅप दाखवला. रंग सगळ्यांना, सार्थक न ठरलेल्यांवर तिरप्या रेघा, कोपऱ्यात बारीक अक्षरांत नोंदींची संख्या. दिसायला जरा गिचमिडच. मॅडमची नजर रेघांवर गेलीच नाही, थेट कोपऱ्यातल्या ८ वर थांबली.

"उरलेल्या ३९२ नोंदी कोणाकडे अडकल्यात?" असं म्हणत त्यांनी फोन उचलला.