मॉड्यूल लोड झालं, पण डिव्हाइस तयार आहे का?

सांवेर रोडच्या किंवा पीथमपूरच्या कारखान्यात पॅनेलमध्ये बसवलेला लिनक्स बोर्ड लाइट गेली-आली की पुन्हा बूट होतो. नऊ वेळा सेन्सर दिसतो, दहाव्या वेळी दिसत नाही. अशी तक्रार आली की इंदुरात बहुतेक जण आधी वायरी हलवून बघतात. त्याआधी ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा कोड) एकमेकांवर कसे अवलंबून आहेत ते तपासा. वेळेनुसार बदलणारा बिघाड पुष्कळदा तिथेच सापडतो.

ड्रायव्हर बहुधा मॉड्यूल म्हणून येतात, म्हणजे चालू कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) घालता-काढता येणाऱ्या कोडच्या फाइली म्हणून. उदाहरणापुरती दोन मॉड्यूल घेऊ: ‘कोअर’ आणि त्याची फंक्शनं वापरणारं ‘सेन्सर’. कोअरने फंक्शन एक्सपोर्ट केलं आणि सेन्सरने ते वापरलं की हे नातं सिम्बॉलमध्ये (इतरांना खुल्या केलेल्या फंक्शनच्या नावात) नोंदलं जातं. डेपमॉड (नाती शोधणारं साधन) ते वाचून ‘मॉड्यूल्स डॉट डेप’ फाइल बनवतो आणि मॉडप्रोब (मॉड्यूल लोड करणारं साधन) त्या फाइलप्रमाणे आधी कोअर, मग सेन्सर लोड करतो. इन्समॉड, म्हणजे एकच मॉड्यूल थेट लोड करणारं साधन, ही फाइल बघतच नाही. म्हणून हाताने फाइल कॉपी करून इन्समॉड मारलं की ‘अननोन सिम्बॉल’ येतं. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) त्याच ओळीच्या शेवटी कंसात आकडा असतो, तो नीट वाचा. -२ असेल तर सिम्बॉल सापडलंच नाही. -२२ असेल आणि वरच्या ओळीत सिम्बॉलच्या आवृत्तीबद्दल तक्रार असेल, तर सिम्बॉल आहे पण त्याचा सीआरसी (आवृत्ती ओळखायचा तपासणी-आकडा) जुळत नाही, म्हणजे कोअर एका बिल्डचं आणि सेन्सर दुसऱ्या बिल्डचं. दोन्ही मॉड्यूल कर्नलच्या सोर्स कोडच्या झाडाबाहेर वेगवेगळ्या फोल्डरांत असतील तर सेन्सर बिल्ड करताना ‘केबिल्ड एक्स्ट्रा सिम्बॉल्स’ या व्हेरिएबलमध्ये कोअरच्या ‘मॉड्यूल डॉट सिमव्हर्स’ फाइलचा पूर्ण पत्ता द्या. इन्स्टॉल झाल्यावर ‘डेपमॉड -ए’ चालवा आणि ‘मॉडप्रोब’ला ‘शो-डिपेंड्स’ पर्याय देऊन क्रम डोळ्यांनी बघा.

लोड झालेल्या मॉड्यूलांची यादी देणाऱ्या एलएसमॉडच्या शेवटच्या रकान्यात कोअरसमोर सेन्सरचं नाव दिसतं. ते नाव आहे तोवर आरएममॉडने (मॉड्यूल काढणाऱ्या साधनाने) कोअर काढता येत नाही. इथपर्यंतचं सगळं कर्नल आणि ही साधनं सांभाळतात.

खरी अडचण उलट्या दिशेला आहे. सेन्सर आपली ऑप्स स्ट्रक्चर (आपल्या फंक्शनांच्या पत्त्यांची यादी) कोअरकडे नोंदवतो आणि पुढे कोअर त्यातली फंक्शनं बोलावतो. म्हणजे चालू असताना कोअर सेन्सरवर अवलंबून असतो, पण सिम्बॉलच्या हिशेबात हे नातं कुठेच नाही. कोअर सेन्सरच्या रीड फंक्शनमध्ये असताना कुणी सेन्सर काढला, तर पायाखालचा कोडच नाहीसा होतो आणि कर्नल ऊप्स (गंभीर चुकीचा अहवाल) देतो. यासाठी ऑप्समध्ये ‘ओनर’ ठेवायचा, तिथे ‘धिस मॉड्यूल’ (मॉड्यूलची स्वतःची ओळख) भरायचं आणि वापर सुरू होण्याआधी कोअरने ‘ट्राय मॉड्यूल गेट’ करायचं (म्हणजे मॉड्यूलच्या वापराची मोजणी वाढवायची), वापर संपला की ‘मॉड्यूल पुट’. ‘गेट’ नाही म्हणालं तर मॉड्यूल निघायच्या वाटेवर आहे, त्याला हात लावू नका. हे सगळं नोंदणीची यादी ज्या म्युटेक्सखाली (एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपाखाली) आहे त्याच म्युटेक्सखाली करा. नाहीतर ‘ओनर’ वाचण्याआधीच ऑप्सचा पॉइंटर शिळा झालेला असू शकतो. सेन्सर कर्नलमध्येच बिल्ट-इन असेल तर ओनर नल (रिकामा) असतो आणि नलवर ‘गेट’ यशस्वी होतं, त्यासाठी वेगळी अट लिहू नका. आणि मॉड्यूलने स्वतःच स्वतःचं ‘गेट’ करणं ही चुकीची सवय आहे: ती ओळ चालेपर्यंत मॉड्यूल निघून जाणार नाही, याची हमी बाहेरच्यानेच द्यावी लागते.

दोन्हीकडून सिम्बॉल वापरले तर डेपमॉड ‘सायकल’ सापडल्याचं सांगून थांबतो. तेव्हा सामाईक फंक्शनं तिसऱ्या मॉड्यूलमध्ये काढा किंवा एक बाजू वरच्यासारखी ऑप्सवर न्या.

एखादं मॉड्यूल असलं तर वापरायचं, नसलं तरी चालवून घ्यायचं, अशी गरज असेल तर ‘सिम्बॉल रिक्वेस्ट’ आहे. डीव्हीबी (डिजिटल टीव्ही) ड्रायव्हर आपले फ्रंटएंड (सिग्नल पकडणारे भाग) असेच जोडतात. सिम्बॉल मिळाला की त्याच्या मॉड्यूलची मोजणी वाढते, म्हणून मिळालेल्या प्रत्येक सिम्बॉलला ‘सिम्बॉल पुट’ हवाच. कर्नलमधून मॉडप्रोब चालवणारा ‘रिक्वेस्ट मॉड्यूल’ वापरताना दोन गोष्टी पक्क्या ठेवा. तो झोपतो (काम होईपर्यंत थांबतो), त्यामुळे स्पिनलॉक (धरलेला असताना झोपायला मनाई असलेलं कुलूप) धरून बोलवायचा नाही. आणि शून्य परत आलं तरी मॉडप्रोब नीट संपला एवढंच कळतं, तुम्हाला हवी ती सोय पुन्हा शोधून खात्री करा. कोअरच्या इनिटमध्ये (लोड होताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) सेन्सर मागवण्याचा मोह तर टाळाच. सेन्सरला कोअर पूर्ण उभा लागतो, कोअर मॉडप्रोब संपायची वाट बघतो आणि दोघं एकमेकांत अडकून बसतात.

ज्या नात्याला सिम्बॉल नाही, पण क्रम हवा आहे, तिथे ‘मॉड्यूल सॉफ्टडेप’मध्ये ‘प्री’ लिहून नाव द्या. ही विनंती असते, सक्ती नाही: ते मॉड्यूल मिळालं नाही तरी मॉडप्रोब पुढे जातो. रूट फाइलसिस्टिम लागण्याआधीच हवं असलेलं मॉड्यूल इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीच्या तात्पुरत्या फाइलसिस्टिममध्ये) खरंच गेलं आहे का, हे ‘एलएसइनिटरॅमएफएस’ने उघडून बघा.

आता दहाव्या बूटकडे येऊ. लोडचा क्रम अचूक असला तरी सेन्सरला वीज देणारा रेग्युलेटर त्या क्षणी प्रोब झालेला (ड्रायव्हरशी जोडून तयार झालेला) असेलच असं नाही. मॉड्यूल मेमरीत येणं आणि डिव्हाइस प्रोब होणं या दोन वेगळ्या घटना आहेत. लोडनंतर दोनशे मिलिसेकंद थांबण्याचा उपाय मला अजिबात मान्य नाही. थंड बोर्डावर चालतो आणि गरम बोर्डावर फसतो. रेग्युलेटर मिळाला नाही तर प्रोबमधून -५१७, म्हणजे ‘ई-प्रोब-डिफर’ परत करा. २०१२ च्या ३.४ कर्नलपासून ही सोय आहे: डिव्हाइस थांबलेल्यांच्या यादीत जातं आणि दुसरा एखादा ड्रायव्हर यशस्वी झाला की पुन्हा प्रयत्न होतो. लागणारे सगळे स्रोत प्रोबच्या सुरुवातीलाच मागा. चाइल्ड डिव्हाइस (आपल्याखालची उपडिव्हाइस) बनवून झाल्यावर डिफर परत केलं तर प्रत्येक चाइल्डच्या प्रोबमुळे पुन्हा प्रयत्न सुरू होतो आणि हे चक्र थांबत नाही. चूक छापायला ‘डेव्ह एर प्रोब’ वापरा: डिफर असेल तर तो लॉग भरत नाही आणि कारण जपून ठेवतो. डीबगएफएसमधली (कर्नलच्या तपासणीसाठीच्या फाइलसिस्टिममधली) ‘डिव्हाइसेस डिफर्ड’ फाइल उघडली की कोण कशासाठी अडलंय ते नावासकट दिसतं.

मॉड्यूलची मोजणी फक्त कोड जपते, डिव्हाइस नाही. सिसएफएसमधल्या (डिव्हाइस आणि ड्रायव्हर फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या फाइलसिस्टिममधल्या) ‘अनबाइंड’मध्ये नाव लिहिलं की ड्रायव्हर सुटतो, मोजणी कितीही असो. पुरवणाऱ्याच्या आधी वापरणारा सुटावा यासाठी दोघांत ‘डिव्हाइस लिंक ॲड’ने दुवा बांधा. डिव्हाइस ट्रीत (बोर्डावरच्या हार्डवेअरच्या वर्णनात) सप्लाय, क्लॉक नीट लिहिले असतील तर नव्या कर्नलमध्ये असे बरेच दुवे आपोआप बनतात.

बोर्ड पॅनेलमध्ये बसवण्याआधी केसॅन (मेमरीतल्या चुका पकडणारी तपासणी) चालू असलेल्या कर्नलवर, सेन्सरचं रीडिंग सुरू ठेवून, रेग्युलेटर अनबाइंड करा. मग परत बाइंड करा. त्यानंतर वीज तोडून पन्नास वेळा बूट करा आणि दर वेळी डिफर्डची फाइल रिकामी आहे का ते लॉगमध्ये लिहून ठेवा.