हिरवी देवी आणि शॉपिंग ट्रॉली

जहाजाचं बारसं कंपनी थाटात करते. राणी, राजकन्या, नाहीतर एखादी नटी बोलावतात, नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, शॅम्पेनची बाटली फोडतात, बँड वाजतो, आणि ‘अमुक ऑफ द सीज’ किंवा ‘क्वीन तमुक’ असं नाव जाहीर होतं. छापायला झकास, हाक मारायला अगदीच निरुपयोगी. हाक मारायचं नाव पुढे प्रवासी ठेवतात. ते ठेवा असं त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

माझी लेक साउथॅम्प्टनला राहते. तिच्याकडे गेले की आमच्या संध्याकाळी मेफ्लॉवर पार्कात जातात. पार्क म्हणजे बंदराला लागून असलेला हिरवळीचा तुकडा, बाकी काही नाही. पण क्रूझची जहाजं सुटायच्या वेळेला तिथे पिकल्या केसांची मंडळी घडीच्या खुर्च्या, थर्मास आणि दुर्बिणी घेऊन येऊन बसतात. त्यांच्या गप्पा कानावर पडल्या की आधी कळतच नाही, हे जहाजाबद्दल बोलताहेत की कुणाच्या नणंदेबद्दल. “महिनाभर नव्हती ना, आता रंग उजळलाय.” “हो, पण मागून जरा जड वाटतेय.” एकदा ‘ऑरोरा’ निघाली. 2000 सालापासून चालणारी, आताच्या मापाने मध्यमच म्हणायची. शेजारच्या आजोबांनी थर्मासचं झाकण चहासकट उंच धरलं आणि म्हणाले, “जा गं, ओल्ड गर्ल.” आता ‘ओल्ड गर्ल’ हे काही खास तिचं नाव नव्हे. जुनी गाडी, जुनी घोडी, जुनी कुत्री, सगळ्यांना इंग्रज तेच म्हणतो. पण लाडाची सुरुवात तिथून होते.

नुसतं नाव छाटणं हा त्यातला सगळ्यात आळशी प्रकार. रॉयल कॅरिबियनच्या प्रत्येक जहाजाला ‘ऑफ द सीज’ अशी शेपटी असते. ती प्रवासी पहिल्याच दिवशी तोडून टाकतात, उरतं ‘आयकॉन’ नाहीतर ‘हार्मनी’. ‘क्वीन मेरी 2’ची ‘क्यूएम-टू’ होते. हॉलंड अमेरिका या कंपनीची बहुतेक जहाजं ‘डॅम’वर संपतात: रॉटरडॅम, झांडॅम, फोलेंडॅम. त्यामुळे तिथले नेहमीचे प्रवासी ‘डॅम शिप’ने जातात; ऐकायला ती इंग्रजी शिवीच वाटते. सभ्य, निवृत्त, चर्चला जाणारी माणसं, पण हा शब्द उच्चारताना त्यांना शाळकरी पोराएवढा आनंद होतो. आपल्याकडे मुंबईहून 2021 पासून जे जहाज सुटतं त्याचं नाव ‘एम्प्रेस’, कंपनीचं नाव ‘कॉर्डेलिया’. पण ‘एम्प्रेसने गेलो होतो’ असं सांगणारा मला अजून भेटायचाय. सगळे कॉर्डेलियानेच जातात. ही छाटणी सोयीची आहे, पण तिला लाड म्हणवत नाही. लाडाला थोडी खोडी लागते.

माझं सगळ्यात आवडतं नाव आहे ‘ग्रीन गॉडेस’. क्युनार्ड कंपनीची ‘कॅरोनिया’ 1949 च्या जानेवारीत पहिल्या सफरीला निघाली. लढाई संपून चारच वर्षं झालेली, इंग्लंडात अजून रेशन चालू, आणि हे जहाज मुख्यतः पैसेवाल्या अमेरिकनांना जगभर हिंडवून आणायला बांधलेलं. क्युनार्डचा नेहमीचा थाट काळ्या अंगाचा, पण हिला रंगवलं हिरव्याच्या चार छटांत. उष्ण समुद्रांत फिरायचं तर फिका रंग बरा, हे कारण, आणि गर्दीत उठून दिसावी हाही हेतू असणारच. मधोमध एकच अवाढव्य लाल धुराडं. म्हणजे हिरवं लुगडं आणि ठसठशीत कुंकू. ‘हिरवी देवी’ म्हटल्यावर वाटतं, कुणा कवीला डेकवर चांदण्यात सुचलं असेल. तसं काही नाही. लिव्हरपूल शहरात तेव्हा हिरव्या ट्राम धावत, त्यांना लोक ग्रीन गॉडेस म्हणत. जहाजाचा रंग तसाच दिसला, म्हणून ट्रामचं नाव जहाजाला चिकटलं. जिच्या केबिनचं भाडं ऐकून सामान्य माणसाला घेरी यावी, तिला नाव मिळालं ते कामाला जाणाऱ्या माणसांच्या गाडीचं. आणि डेकवरच्या लक्षाधीशांनीही ते मुकाट्याने स्वीकारलं. त्यांतली एक अमेरिकन बाई तर या बोटीवर चौदा-पंधरा वर्षं बिऱ्हाड करून राहिली होती.

आपल्या एसटीचं काय वेगळं झालं? रंगावरून आधी ‘लाल डबा’ म्हटलं. त्यात वैताग होता, खिडकीच्या काचेचा खडखडाट होता, पाठीचे मणके होते. मग कधीतरी त्याच डब्याची ‘लालपरी’ झाली, आणि आता महामंडळच ते नाव अभिमानाने मिरवतं. लिव्हरपूलच्या ट्रामला देवी आणि सांगोल्याच्या गाडीला परी! स्टँडवर तास-दीड तास ताटकळलेला माणूसच असल्या पदव्या देऊ शकतो.

खोडीचं म्हणाल तर ‘इंपेरेटर’ला तोड नाही. 1913 साली जर्मनांनी समुद्रात सोडलेलं हे जहाज म्हणजे सम्राटाच्या मिशीएवढा दिमाख: नाळेवर पंख पसरलेला ब्राँझचा गरुड, पहिल्या वर्गात संगमरवर, भारी लाकूडकाम. एवढं सगळं वरच्या मजल्यांवर चढवल्यावर जे व्हायचं तेच झालं. जहाज वरून जड झालं आणि एका अंगावर कलून लंगडल्यासारखं चालू लागलं. इंग्रजीत लंगडणं म्हणजे ‘लिंप’, लगेच ‘इंपेरेटर’चं ‘लिंपेरेटर’ झालं. कंपनीने धुराडी कापून बुटकी केली, तळात दोन हजार टन सिमेंट ओतलं, जड फर्निचर काढून वेताचं आणलं. गरुडाचे पंख वादळानेच उडवले. पहिल्या महायुद्धानंतर ते इंग्रजांकडे आलं आणि ‘बेरेंगारिया’ झालं, एका जुन्या राणीच्या नावाने. पुढे तिसाच्या दशकातल्या मंदीत प्रवासी मिळेनात, तेव्हा कंपनीने तिच्यावर स्वस्तातल्या सहली काढल्या. लोकांनी ‘बेरेंगारिया’चं ‘बार्गेन-एरिया’ केलं. एकच जहाज, बारशाची दोन भारदस्त नावं, आणि दोन्हींची प्रवाशांनी केलेली वाट! पण मला यात कुचेष्टा दिसत नाही. ज्या जहाजाशी आपलं देणंघेणं नाही त्याच्यावर शब्दांचे खेळ करत बसायला कुणाला वेळ असतो?

‘क्वीन मेरी’ला तर बारशाआधीच लोकांनी नाव दिलं होतं, आणि तेही आकडा. क्लाइड नदीकाठच्या गोदीत तिचा कामाचा नंबर होता 534. मंदीमुळे 1931 च्या डिसेंबरात काम थांबलं, हजारो माणसं घरी बसली, आणि गंजत उभा राहिलेला तो सांगाडा सगळ्या देशात ‘534’ म्हणून ओळखला जाऊ लागला. 1934 मध्ये काम पुन्हा सुरू झालं आणि त्याच सप्टेंबरात ती पाण्यात उतरली, तेव्हा कुठे राणीचं नाव मिळालं. दुसऱ्या महायुद्धात तिला करडा रंग फासून सैनिक वाहायला लावलं. ती इतकी जोरात पळायची की पाणबुड्यांच्या हाती लागेना, म्हणून ‘ग्रे घोस्ट’. 1943 च्या जुलैमध्ये एका खेपेला तिच्यावर 16,683 माणसं होती. पाळीपाळीने झोपणाऱ्या त्या माणसांना भूत तरी कसं सुचलं कोण जाणे, मला कुंभमेळा सुचला असता.

सैनिक म्हणजे सक्तीचे प्रवासी, पण नावं ठेवण्यात पटाईत. पी अँड ओ कंपनीची ‘कॅनबेरा’ 1961 पासूनची, पांढरी स्वच्छ, मागच्या बाजूला दोन पिवळी धुराडी शेजारी शेजारी. 1982 मध्ये फॉकलंड बेटांवरून ब्रिटन आणि अर्जेंटिनाची लढाई पेटली आणि ब्रिटिश सरकारने सहलीचं हे जहाज जवळजवळ रातोरात ताब्यात घेतलं. त्यावर हेलिकॉप्टर उतरायला जागा केली, मरीन आणि छत्रीधारी सैनिक चढवले आणि दक्षिणेला पाठवून दिलं. रंग बदलायला वेळच नव्हता. 21 मे रोजी सान कार्लोसच्या खाडीत वरून अर्जेंटिनाची विमानं घिरट्या घालताहेत, आजूबाजूला करड्या युद्धनौका, आणि मधोमध हे 45,000 टनांचं पांढरंशुभ्र धूड. सैनिकांनी तिला ‘ग्रेट व्हाइट व्हेल’ म्हटलं. त्या दिवशी युद्धनौकांना बाँब लागले, हिला खरचटलंही नाही.

‘क्यूई-टू’, म्हणजे क्युनार्डची ‘क्वीन एलिझाबेथ 2’, तीही सैनिक घेऊन निघाली होती. पण तिला प्रत्यक्ष लढाईजवळ नेलं नाही. तिची माणसं दूरच्या साउथ जॉर्जिया बेटावर उतरवून याच कॅनबेरावर चढवली. 11 जुलैला कॅनबेरा गंजाचे ओघळ घेऊन साउथॅम्प्टनला परतली, तेव्हा सैनिकांनी कठड्यावर फलक लावला होता: जिथे क्यूई-टू नाही म्हणते तिथे कॅनबेरा जाते. मूळ इंग्रजीत त्याला यमक आहे. पुढे पंधरा वर्षं लोक मुद्दाम ‘व्हेल’वरूनच सहलीला जायचं म्हणून तिकिटं काढत. मग 1997 मध्ये ती पाकिस्तानात गदानीच्या किनाऱ्यावर भंगारात गेली. तिचा तळ एवढा खोल की नेहमीसारखी किनाऱ्याला भिडेना, आणि तिला कापायला बराच जास्त वेळ लागला. हे वाचून मला उगाचच बरं वाटलं.

आपल्या मुंबईलाही अशी लाडकी जहाजं लागून गेली आहेत. 1931-32 मध्ये पी अँड ओने ‘स्ट्रॅथनेव्हर’ आणि ‘स्ट्रॅथेअर्ड’ या जोडीला पांढरा रंग दिला. ऑस्ट्रेलियाला जाता-येता त्या मुंबईला थांबत, आणि लोक त्यांना ‘व्हाइट सिस्टर्स’ म्हणत. दोघींना तीन तीन धुराडी, त्यांतली पहिली आणि तिसरी नुसती शोभेची! बॅलार्ड पिअरवर हार-नारळ घेऊन विलायतेच्या पाहुण्याला पोचवायला गेलेल्या मंडळींना हे कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही. तीन धुराडी म्हणजे तिप्पट जोर, असाच हिशेब त्यांनी केला असणार.

कोकणच्या बोटींना मात्र आम्ही असे लाड केलेले मला आठवत नाहीत. ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ ही नावं आमच्या घरी फार तर ‘सेवक’ आणि ‘शक्ती’ होत. वडिलांचं कार्ड यायचं, “सेवकने येतो.” पुढचं सगळं बोटीवरून किनाऱ्याला आणणाऱ्या पडाववाल्यावर आणि दर्यावर अवलंबून. आमच्या माणसांनी लाड केला तो बोटीचा नव्हे, धक्क्याचा. कागदावर ‘फेरी व्हार्फ’, पण मुंबईत हा शब्द सांगून टॅक्सी मिळवून दाखवा. तो बांधणारे भाऊ अजिंक्य, म्हणून तो भाऊचा धक्का. पावसाळ्यात महिनोन् महिने बंद राहणाऱ्या बोटीपेक्षा बारा महिने जागेवर असणारा धक्का जवळचा वाटला, यात कोकणी माणसाचा व्यवहार दिसतो.

लाडाचं नाव आपणच छापून टाकावं असं कंपन्यांनाही वाटतंच. 1972 मध्ये कार्निव्हलचं पहिलं जहाज, जुनं विकत घेतलेलं ‘मार्डी ग्रा’, पहिल्याच फेरीत मायामीच्या तोंडाशी वाळूत रुतलं. नंतर इंधन वाचवायला ते सावकाश चाले, मग माणसं रमवायला बोटीवरच धमाल, आणि जाहिरातीत ‘फन शिप’. ऑस्ट्रेलियात ‘फेअरस्टार’चंही तेच बिरुद होतं. तिथल्या लोकांनी ते मनापासून घेतलं, कारण धमाल खरोखर होत असे आणि थोडी जास्तच होत असे. ती 1997 साली गुजरातेत अलंगला मोडीत निघायला आली तेव्हा तिच्यावर ‘रिपा’ असं लिहिलेलं होतं. भंगारात जाणाऱ्या जहाजाला शेवटच्या फेरीसाठी असं कुठलंतरी नाव फासतात. फ्रेंचांची ‘फ्रान्स’, जी पुढे ‘नॉर्वे’ झाली, ती 2006 मध्ये अलंगला पोचली ‘ब्लू लेडी’ म्हणून. ऐकायला किती लाडाचं! तिच्यातल्या अ‍ॅस्बेस्टॉसवरून प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, आपल्या पेपरांत महिनोन् महिने ‘ब्लू लेडी’ गाजली. पण ज्या प्रवाशांनी तिच्यावर आयुष्यातल्या सुट्ट्या घालवल्या, त्यांच्या तोंडी हे नाव कधीच नव्हतं.

आता शॉपिंग ट्रॉली. 1998 साली ‘ग्रँड प्रिन्सेस’ आली, तेव्हा प्रवासी जहाजांत जगात सगळ्यात मोठी. बाटली फोडायला ऑलिव्हिया द हॅविलंड, म्हणजे नटीही साधीसुधी नव्हे. या जहाजाच्या पाठीमागे, पाण्यापासून खूप उंचावर, आडवी दांडी टाकावी तसा एक नाइटक्लब बसवला होता. तिथे काचेच्या बोगद्यातून सरकत्या पट्ट्यावरून जायचं. आत बसलेल्यांना तो आकाशात तरंगल्यासारखा वाटे. धक्क्यावर उभ्या असलेल्यांना मात्र एकच वस्तू दिसे: सुपरमार्केटातली ट्रॉली, हँडलसकट. नाव जे चिकटलं ते सगळ्या भावंडांना चिकटलं. 2011 मध्ये कंपनीने ग्रँडच्या पाठीवरचं ते हँडल कापून टाकलं. वरचं वजन गेलं, इंधन वाचू लागलं, सगळं शहाणपणाचं. आणि काही जुने प्रवासी, ज्यांनी तेरा वर्षं तिची टिंगल केली होती, तेच रुसले. बहिणींच्या पाठीवर हँडल राहिलं होतं, हिचंच गेलं, म्हणून. दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले तर मलाही हँडलवालीच देखणी वाटते.